समुद्राच्या तळाशीं लिहिलेली पावसाची बखर

आषाढांत ज्यानें लोणावळ्याचा पाऊस पाहिला आहे त्यास पाण्याची शक्ति काय असते हें निराळें सांगावयास नको. पुणें शहरीं वर्षाकाठीं जेमतेम २८ इंच पाऊस पडतो. तेथून अवघ्या ४० मैलांवर, सह्याद्रीच्या कड्याशीं वसलेल्या लोणावळें-खंडाळ्यास तो शंभर इंचांची मर्यादा सहज ओलांडून कितीतरी पुढें जातो. हें सगळें पाणी जातें कोठें, आणि जातांना आपल्याबरोबर काय घेऊन जातें, हा प्रश्न मावळांतील मुलामुलींच्या मनांत येणें साहजिक आहे. प्रश्नाचा पहिला भाग शाळेच्या भूगोलांत सुटतो. दुसऱ्या भागाचें उत्तर मात्र फार दूर, अरबी समुद्राच्या तळाशीं, दोन मैलांहून अधिक खोल अंधारांत सांपडतें. तेथें सांचलेल्या चिखलांत आपल्या मोसमी पावसाची लक्षावधि वर्षांची हकीकत नोंदलेली आहे. ती कोणी लिहिली, कशी लिहिली, आणि आज ती वाचतां येते ती कोणत्या युक्तीनें, हें थोडक्यांत सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम पाण्याची वाट पाहूं. मावळ हा दोन समुद्रांमधला पाणलोट आहे. लोणावळ्याजवळ कुरवंडे गांवाच्या परिसरांत उगम पावणारी इंद्रायणी कामशेत, देहू, आळंदी करीत तुळापुरास भीमेला मिळते. भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. परंतु त्याच डोंगराच्या धारेपलीकडे, राजमाचीच्या अंगास पडलेलें पाणी उल्हास नदीच्या द्वारें कोंकणांत उतरतें व वसईच्या खाडीवाटें अरबी समुद्रास मिळतें. एकाच ढगांतले दोन थेंब हातभर अंतरावर पडावे, आणि एकानें पूर्वसमुद्रास जावें व दुसऱ्यानें पश्चिमसमुद्रास, अशी ही भूमि आहे. मनुष्यानेंही यांत थोडी ढवळाढवळ केली आहे. १९१५ सालीं खोपोलीचें वीजगृह सुरू झाल्यापासून लोणावळें, वळवण व शिरोता येथील तलावांचें पाणी, जें एरव्हीं पूर्वेकडे गेलें असतें तें, नळांतून घाटाखालीं उतरून पाताळगंगेवाटें अरबी समुद्राकडे जाऊं लागलें आहे.

हें पाणी रिकाम्या हातानें जात नाहीं. सह्याद्रीचा काळा कातळ ऊन, वारा व पाऊस यांनीं कुजतो, त्याची माती होते, आणि ती माती पाणी वाहून नेतें. नदीच्या कांठानें उगमाकडून खालीं चालत गेल्यास एक मौज दिसते. डोंगराच्या पायथ्याशीं ओढ्यांत मोठमोठे धोंडे पडलेले असतात, पुढें वाटोळे गोटे लागतात, त्यापुढें वाळू, आणि जेथें पाणी संथ होऊन डोह पडतो तेथें लोण्यासारखा मऊ गाळ. वाहतें पाणी हलके कण पुढें नेतें व जड कण मागें ठेवतें; वेग मंदावला म्हणजे हलका कणही तळाशीं बसतो. याचा पडताळा घरीं पाहतां येईल. कांचेच्या बरणींत मूठभर माती व पाणी घालून ढवळावें व बरणी स्थिर ठेवावी. आधीं खडे, मग वाळू व शेवटीं, दुसरे दिवशीं, मऊ गाळ बसलेला दिसेल.

यावरून उलट अनुमानही करतां येतें. कोरड्या ओढ्यांतील गोटे पाहून मागील पूर केवढा होता हें जाणता शेतकरी सांगतो. पाण्याचा वेग पाहून गाळ ओळखावा तसा गाळ पाहून वेग ओळखावा, हा नियम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील सारें विवेचन त्यावरच उभें आहे.

आतां समुद्राकडे वळूं. समुद्राचा पृष्ठभाग कितीही खवळला तरी त्याचा खोल तळ हा निश्चल, मृत्यूसारखा शांत असावा, असा पुष्कळ काळ समज होता. १८७२ ते १८७६ या काळांत ‘चॅलेंजर’ नांवाच्या इंग्रज जहाजानें पृथ्वीच्या महासागरांची पाहणी केली व खोल तळाच्या चिखलाचे नमुने वर काढले. त्या सफरीवर असलेले जॉन मरे यांनीं पुढें त्या चिखलाचा सांगोपांग अभ्यास केला. त्यांनीं मागें ठेवलेल्या पैशांतून १९३३-३४ सालीं ‘मबाहिस’ हें मिसरी जहाज अरबी समुद्राच्या पाहणीस निघालें. भारताच्या प्राणिविज्ञान सर्वेक्षण खात्याचे माजी प्रमुख सेमूर सीवेल हे त्या सफरीचे नायक होते. पुढें १९६६ सालीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, आणि आपल्या समुद्राचा अभ्यास आपल्याच विद्वानांच्या हातीं आला. या सर्व परिश्रमांतून असें दिसून आलें कीं, खोल तळ हा निश्चल मुळींच नाहीं. तेथें तीन निरनिराळे लेखक आपापल्या परीनें लिहीत असतात.

पहिला लेखक अतिशय सावकाश लिहितो. समुद्राच्या वरच्या थरांत फोरामिनिफेरा नांवाचे, डोळ्यांस जेमतेम दिसणारे एकपेशीय जीव राहतात. त्यांना चुन्याचें इवलेंसें कवच असतें. जीव मेला म्हणजे तें कवच खालीं पडूं लागतें. अशा असंख्य कवचांचा, वाऱ्यानें आलेल्या धुळीचा व तरंगत आलेल्या सूक्ष्म मातीचा पाऊस तळावर अहोरात्र पडत असतो. उघड्या समुद्रांत या पावसानें हजार वर्षांत एकदोन बोटें जाडीचा थर होतो. आपल्या कार्ल्याच्या लेण्यांत यवन दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. मोसमी वाऱ्यांवर शिडें सोडून या किनाऱ्यास येणाऱ्या परदेशी लोकांशीं त्या काळचा संबंध त्यांवरून दिसतो. तीं अक्षरें कोरलीं गेलीं त्यास दोन हजार वर्षें होत आलीं. तितक्या काळांत या पहिल्या लेखकानें चार बोटेंदेखील लिहिलेलें नाहीं!

दुसरा लेखक उतावळा आहे. नद्यांनीं आणलेला गाळ किनाऱ्याजवळच्या उथळ भागावर सांचत राहतो. तेथून पुढें समुद्राचा तळ एकदम उतरता होतो, जणूं काय दुसरा बोरघाटच. भूकंपानें किंवा अति भारानें त्या उतारावरील गाळ सुटला म्हणजे चिखलमिश्रित पाण्याचा लोंढा घाटांतून सुटलेल्या गाडीप्रमाणें खालीं धांवतो. १८ नोव्हेंबर १९२९ रोजीं अमेरिकेच्या ईशान्येस न्यूफाउंडलंडजवळ भूकंप झाला. समुद्रतळावरून टाकलेल्या तारायंत्राच्या तारा त्यानंतर एकामागून एक, वरच्या उताराकडून खोल भागाकडे, तुटत गेल्या. शेवटची तार तुटली ती भूकंपानंतर १३ तासांनीं. तारा तुटल्याच्या वेळा बरोबर नोंदलेल्या होत्या. त्यांवरून हीझन व यूइंग या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९५२ सालीं दाखवून दिलें कीं, हें काम तळावरून धांवणाऱ्या गढूळ लोंढ्याचें होय, आणि त्याचा वेग ताशीं ६० किलोमीटरांहूनही अधिक होता. अरबी समुद्रांत सिंधु नदीच्या गाळाचा जो अफाट पंखा तळावर पसरला आहे तो मुख्यतः अशाच लोंढ्यांनीं रचलेला आहे. त्याचें क्षेत्र सुमारें ११ लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे सगळ्या महाराष्ट्राच्या तिपटीहून अधिक आहे.

तिसरा लेखक सर्वांत गूढ. तो म्हणजे तळाजवळून वाहणारा थंड प्रवाह. दक्षिण ध्रुवाभोंवतीं समुद्राचें पाणी गोठतें तेव्हां बर्फांत मीठ फारसें शिरत नाहीं. तें मागें राहिलेल्या पाण्यांत मिसळतें. असें अति थंड व अधिक खारें पाणी जड होऊन तळाशीं बुडतें आणि तळातळानें उत्तरेकडे सरकूं लागतें. मादागास्करच्या पूर्वेकडून, सोमालीलँडच्या पुढच्या खोल खळग्यांतून, बुडालेल्या पर्वतरांगांमधील खिंडी ओलांडीत तें शेंकडों वर्षांनीं अरबी समुद्रास पोंचतें. मुंबईच्या चौपाटीवर पाणी कोमट लागतें. परंतु त्याच समुद्राच्या खोल तळाशीं, दक्षिण ध्रुवाकडून आलेलें हें पाणी दोन अंश सेंटिग्रेडच्या आसपास थंड असतें.

या प्रवाहाचा वेग बहुधा सेकंदास कांहीं सेंटिमीटर, क्वचित् वीस सेंटिमीटर किंवा अधिक असतो. मुंगीच्या चालीहून फारसा वेगळा नव्हे! परंतु मऊ गाळाचा कण उचलण्यास अथवा त्यास खालीं बसूं न देण्यास तेवढी गति पुरते. पृथ्वीच्या परिवलनामुळें असे प्रवाह उतारावरून सरळ खालीं न जातां, डोंगराच्या अंगानें समपातळींत काढलेल्या पाटाप्रमाणें, एकाच खोलीवरून कडेकडेनें वाहतात. हीझन, हॉलिस्टर व रडिमन यांनीं १९६६ सालीं प्रथम दाखविलें कीं, खंडांच्या पायथ्याशीं असलेले गाळाचे लांबच लांब उंचवटे या प्रवाहांनींच घडविलेले आहेत. वारा जसा वाळूच्या टेकड्या रचतो तसा हा प्रवाह येथें गाळ खरवडतो, तेथें टाकतो. तळाचीं छायाचित्रें घेतां तेथें नदीच्या वाळूंत दिसतात तशा लाटांच्या रेषा उमटलेल्या आढळल्या. निश्चल तळाची कल्पना तेथेंच संपली.

हे तीन लेखक एकाच वहींत लिहीत असल्यामुळें वाचणाऱ्याची परीक्षा असते. लोंढ्यानें टाकलेल्या थरांत खालीं जाड व वर बारीक कण असतात, अगदीं आपल्या बरणींतल्याप्रमाणें. त्यावरून तो ओळखूं येतो. प्रवाहानें रचलेल्या थरांत बारीक मातीहून किंचित् जाड अशा रेतीवजा कणांकडे पाहतात. प्रवाह जोरकस असेल तर बारीक कण निघून जाऊन जाडसर कण उरतात. तो मंद असेल तर सारेंच बसतें. अशा रीतीनें, ज्या प्रवाहास थांबून लक्षावधि वर्षें झालीं त्याचा जोर आज एका चिमटीभर गाळावरून अजमावितां येतो.

कवचांची भाषा आणखी निराळी आहे. ऑक्सिजन वायूचे हलके व जड असे प्रकार असतात. हिमयुगांत हलक्या ऑक्सिजनचें पाणी ध्रुवांकडील बर्फांत अडकून पडतें, म्हणून समुद्रांतील जीवांच्या कवचांत जड ऑक्सिजनचें प्रमाण वाढतें. कवच तपासलें म्हणजे तें हिमयुगांतलें कीं उष्ण काळांतलें हें समजतें. तसेंच ग्लोबिजेरिना बुलॉइडीज नांवाची एक जाति आहे. नैर्ऋत्येचा मोसमी वारा जोरानें वाहूं लागला म्हणजे अरबस्थानच्या किनाऱ्यालगत खालचें थंड व पोषक पाणी वर येतें, आणि तेथें ही जाति भरभराटीस येते. म्हणून ज्या थरांत तिचीं कवचें पुष्कळ त्या काळीं मोसमी वारा बलवान, व ज्यांत थोडीं त्या काळीं तो दुर्बळ, असें अनुमान निघतें.

आणि मातीलाही कुळ असतें. दख्खनच्या काळ्या कातळापासून होणाऱ्या मातींत स्मेक्टाइट नांवाचें खनिज विपुल असतें. पावसांत फुगणारी व उन्हाळ्यांत भेगाळणारी आपली काळी जमीन तशी वागते ती त्याच्याच गुणानें. हिमालयाकडून सिंधु नदी जी माती आणते तींत इलाइट व क्लोराइट अधिक असतात. समुद्रतळाच्या गाळांतील या खनिजांचें प्रमाण पाहून कोणती माती कोठून आली हें सांगतां येतें. सौराष्ट्रापासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यासमोरील तळावर दख्खनच्या मातीचा ठसा स्पष्ट आहे. सह्याद्रीच्या पश्चिम अंगावरून वाहून गेलेली माती हरवली नाहीं. ती तेथें जमा आहे.

ही वही प्रत्यक्ष उघडण्याचा एक मोठा प्रयत्न २०१५ सालीं झाला. आंतरराष्ट्रीय सागरसंशोधन कार्यक्रमाच्या ३५५ व्या मोहिमेंत ‘जॉइडीज रेझोल्यूशन’ हें जहाज कोलंबोहून निघालें व एप्रिल-मे महिन्यांत काम आटोपून मुंबईस आलें. गोव्याच्या ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्राचे धनंजय पांडे आणि पीटर क्लिफ्ट हे दोघे त्या मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. भारताच्या किनाऱ्यापासून पावणेपांचशें किलोमीटरांच्या आसपास, लक्ष्मी द्रोणी या खोल भागांत, साडेतीन किलोमीटरांहून अधिक खोल पाण्याखालीं त्यांनीं दोन ठिकाणीं तळ पोंखरला, आणि प्रत्येक ठिकाणीं तळाखालीं सुमारें ११०० मीटरपर्यंत छिद्र नेलें. गाळाचे लांब दंडगोल नळ्यांत भरून वर आले. उभे कापले म्हणजे त्यांचे थर ग्रंथाच्या पानांप्रमाणें दिसतात.

त्या पानांत एक भयंकर घटनाही सांपडली. सुमारें १ कोटी ८ लक्ष वर्षांपूर्वीं भारताच्या पश्चिम किनाऱ्याच्या उतारावरून एक प्रचंड कडा खोल समुद्रांत घसरला. त्या घसरणीस शास्त्रज्ञांनीं ‘नटराज’ असें नांव दिलें आहे. एका छिद्रांत तिचा थर सुमारें ३३० मीटर जाड भरला, आणि उथळ पाण्यांत तयार झालेल्या चुनखडीचे तुकडे इतक्या खोल तळावर येऊन पडलेले दिसले. एकंदर घसरलेला माल सुमारें १९ हजार घन किलोमीटर असावा असा हिशेब आहे. आपल्याच जिल्ह्यांत ३० जुलै २०१४ रोजीं माळीण गांवावर डोंगर कोसळून केवढा अनर्थ झाला हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना उतार सुटणें म्हणजे काय हें समजावून द्यावें लागणार नाहीं.

त्याच २०१५ सालच्या अखेरीस त्याच जहाजानें मालदीव बेटांजवळ दुसरी मोहीम केली, आणि तेथें तिसऱ्या लेखकाचें अक्षर फार स्पष्ट वाचतां आलें. येथील प्रवाह ध्रुवाकडून येणारा खोल प्रवाह नव्हे. तो मोसमी वाऱ्यांनीं चालविलेला व त्यामानानें उथळ असा आहे. पण गाळ रचण्याची त्याची रीत तीच. मालदीवच्या बेटांमधील पाण्यांत जुने थर शांतपणें पडलेले आहेत, आणि एका ठराविक पातळीपासून वर प्रवाहानें रचलेले उंचवटे सुरू होतात. तो बदल सुमारें १ कोटी २९ लक्ष वर्षांपूर्वींचा ठरला. आज आपण ओळखतों तसे जोरकस मोसमी वारे तेव्हां सुरू झाले, असा निष्कर्ष बेट्झलर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केला. वारा कोणत्याही खडकावर आपली सही करीत नाहीं. परंतु वाऱ्यानें प्रवाह चालविला, प्रवाहानें गाळ रचला, आणि त्या गाळानें वाऱ्याचा जन्मकाळ सांगितला.

अलीकडच्या पानांवरील मजकूर तर आपल्या अधिकच जवळचा आहे. सुमारें २० हजार वर्षांपूर्वीं, हिमयुगाच्या भरांत, समुद्राची पातळी आजच्याहून सुमारें १२० मीटर खालीं होती. मुंबईसमोरचा पुष्कळसा समुद्र तेव्हां कोरडी जमीन होता. त्या काळीं नैर्ऋत्येचा मोसमी वारा दुबळा होता. पुढें, सुमारें दहा ते सहा हजार वर्षांपूर्वींच्या काळांत, उत्तर गोलार्धास उन्हाळ्यांत सूर्याची उष्णता अधिक मिळत होती, आणि पाऊस आजच्याहून बलवान होता. त्यानंतर तो हळूहळू उतरत आला.

या बखरींतील प्रत्येक ओळ मात्र जशीच्या तशी खरी मानूं नये. तोच प्रवाह जो एक पान लिहितो तो दुसरें पान खरवडून टाकतो. लक्ष्मी द्रोणींतील एका छिद्रांत खालचा थर व वरचा थर यांच्यामध्यें कोट्यवधि वर्षांचा काळ गायब आहे. कधीं गाळाचा कण जाड झाला तो प्रवाह वाढल्यामुळें नव्हे, तर नदीनें जाड माल आणल्यामुळें. म्हणून शास्त्रज्ञ एका साक्षीदारावर विसंबत नाहींत. कणाचा आकार, कवचाचा ऑक्सिजन, जीवांच्या जाति व मातीचें कुळ हे चारही एकच गोष्ट सांगूं लागले म्हणजेच ती ग्राह्य धरतात. इतिहासाच्या अभ्यासकानें एका बखरीवर भिस्त न ठेवतां कागदपत्रें ताडून पाहावीं, तसाच हा न्याय.

इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी पालक विचारतील. त्यांनीं आपल्या खाचरांकडे पाहावें. मावळचें भात मोसमी पावसावर उभें आहे. हा पाऊस दरवर्षीं येतो म्हणून तो अढळ आहे असें आपण धरून चालतों. पण तळाचा चिखल सांगतो कीं, तो अढळ नाहीं. पृथ्वी थंड झाली तेव्हां तो क्षीण झाला, सूर्याची उष्णता वाढली तेव्हां बळावला. आज मनुष्याच्या धुराड्यांनीं हवा तापत असतां पुढें पाऊस कसा वागेल, याचें गणित मांडणाऱ्यांस मागील अनुभवाचा ताळा पाहावा लागतो. मनुष्यानें पाऊस सलग व पद्धतशीर मोजून नोंदण्यास प्रारंभ केल्यास फार तर दोन-तीनशें वर्षें झालीं. तेवढ्यावरून एवढ्या मोठ्या गोष्टीचा स्वभाव कळणें शक्य नाहीं. तो कळण्यास समुद्राचीच वही लागते.

आणखी एक गोष्ट ती वही सांगते. पाऊस आपल्या हातीं नाहीं, माती पुष्कळ अंशीं आहे. सिंधु नदीवर धरणें व कालवे झाल्यापासून समुद्रास मिळणारा तिचा गाळ फार घटला आहे. म्हणजे मनुष्याची करणीही आतां तळाच्या पानांवर उमटूं लागली आहे. जंगल तुटलेल्या उतारावरून तांबडें पाणी वाहतें तेव्हां शतकांच्या मेहनतीनें झालेली माती जाते. समुद्रास तिची एक ओळ होते. आपलें मात्र शेत जातें. खाचराचा बांध नीट राखणारा शेतकरी आणि उतारावर झाडें टिकविणारें गांव हीं त्या ओळी थोड्या कमी करतात.

विद्यार्थ्यांनीं या पावसाळ्यांत एक सोपी नोंद ठेवावी. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत दर आठवड्यास, पूर नसतांना व वडील माणसांस बरोबर घेऊन, जवळच्या ओढ्याचें पाणी एकाच मापाच्या बाटलींत भरावें, दोन दिवस स्थिर ठेवावें, आणि तळाशीं किती जाड थर बसला तें पट्टीनें मोजून पावसाच्या इंचांशेजारीं वहींत लिहावें. झाडी असलेल्या उताराखालचा ओढा व उघड्या उताराखालचा ओढा असे दोन निवडल्यास फारच उत्तम. चार महिन्यांनीं ते दोन रकाने शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे कोणत्या डोंगराची माती जागेवर राहिली आणि कोणत्या डोंगराची समुद्राच्या वाटेस लागली, हें ज्याचें त्यासच कळेल.